पुसलेले मासे

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी, तुमच्याकडे लोक नुसत्या हौसेसाठी मासे धरतात का. मी फोनवर "हो, धरतात" एवढंच म्हणाले, कारण तुमच्या आईची निघायची घाई होती. आता नीट लिहिते.

तुमचे आजोबा आयुष्यभर हौसेनंच मासे धरत आले. आसगावच्या आपल्या धानाच्या शेताच्या वर जी बोडी आहे, म्हणजे भाताच्या बांधीला पाणी देण्यासाठी बांधलेला लहान तलाव, तिच्या पाळीवर ते सुटीच्या दिवशी गळ टाकून बसत. सोबत गावातले एक ढिवर भाऊ असत. त्यांचा धंदाच मासेमारीचा. आठवडाभर ते मच्छीमार सोसायटीच्या तलावात जाळं ओढत आणि रविवारी आजोबांबरोबर गळ टाकून बसत. सुटीच्या दिवशीही तेच काम कसं करवतं, असं मी एकदा विचारलं होतं. जाळं पोटासाठी आणि गळ डोक्यासाठी, असं काहीसं उत्तर मिळालं. दोघं दिवसभर कणीक की गांडूळ यावर भांडत. जे लागेल ते संध्याकाळी दोन घरी वाटून शिजे. मासा परत पाण्यात सोडायचा ही कल्पना त्या पाळीवर कोणाच्या मनात आली नव्हती.

आजोबा गेल्यावर वर्षभर बोडीकडे कोणी फिरकलं नाही. मग नागपूरचे एक गृहस्थ आले. वय चाळिशीचं, नोकरी सोडलेले. पूर्वी दोनतीनदा आजोबांकडे गळ टाकायला येऊन गेले होते. त्यांनी मला समजावलं की हा आता मोठा धंदा होतो आहे. शनिवार-रविवारी नागपूरहून गाड्या भरून लोक गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर जातात. त्यांच्याकडे महागडे रीळ असतात, मोबाइलवर चित्रफिती टाकतात. पण तिथे बसायला सावली नाही, बायकांना जायला संडास नाही, आणि सोसायटीचे लोक येऊन विचारतात की आमच्या ठेक्याच्या पाण्यात तुम्ही काय करता. अशांना बोडीवर छत्री, खुर्ची, चहा आणि दुपारचं जेवण द्यायचं. मासा धरायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. तोच मासा पुढच्या रविवारी पुन्हा.

मी होकार दिला. आनंदानं दिला असं नाही, नाही म्हणायला कारण सापडलं नाही. माणसांबाबत अट एकच घातली, की पाहुण्यांना मासा काढून द्यायला, गळ सोडवायला ढिवर भाऊंनाच ठेवायचं. त्यांचा उजवा खांदा निकामी झाला होता. जाळं ओढवत नव्हतं, त्यामुळे सोसायटीच्या कामातून ते जवळजवळ बाहेर पडले होते. पाण्यावर राहण्याची त्यांची एवढीच वाट उरली होती, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मी नियमांचा फलक स्वतःच्या अक्षरात लिहिला. कपबश्या वेगळ्या, हात धुवायला साबण, आणि भाऊंसाठी बारा पांढरे टॉवेल, रोज धुऊन वाळवलेले. लोक चांगले कपडे घालून येतात, लहान मुलांना जवळ घेऊन फोटो काढतात. त्यांच्या हातात बुळबुळीत मासा द्यायचा नाही. आधी टॉवेलनं नीट पुसून कोरडा करायचा, मग द्यायचा.

पहिल्याच रविवारी मोठा कतला लागला. भाऊ टॉवेल हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले.

"बाई, याले कोरडं कायले करता? मासा पुसाचा नसते."

मी म्हटलं, पाहुण्यांच्या अंगाला वास लागतो.

"बरं. पुसतो. उद्या थो मासाच म्हनल, आता तेल-कंगवा बी द्या."

पाहुणे हसले, मीही हसले असेन. त्यांनी पुसला. त्यानंतर प्रत्येक मासा ते पुसत राहिले, आजारी माणसाचं अंग पुसावं तसे, हलक्या हातानं, डोक्यापासून शेपटीपर्यंत. पाहुण्यांना ते फार आवडे. त्याचेही फोटो निघत.

पौषात थंडी वाढली आणि मासे मरायला लागले. आधी एक रोहू उलटा तरंगताना दिसला, मग आठवडाभरात रोज दोनतीन. अंगावर कापसासारखे पांढरे पुंजके. एका पाहुण्यानं ते मोबाइलवर टाकलं आणि पुढच्या रविवारी दहापैकी तीनच छत्र्या उघडल्या. नागपूरच्या गृहस्थांनी पाणी तपासून घेतलं. पाण्यात दोष निघाला नाही. तेव्हा त्यांनी माझ्यासमोर हिशेबानं सांगितलं की दोष हाताळण्यात असणार. भाऊ जाळ्याचे मासे धरणारे, त्यांना मेलेल्या माशाची सवय, जिवंत ठेवायची नाही. ते नागपूरहून शिकलेली दोन मुलं आणणार होते.

भाऊ तिथेच उभे होते. त्यांनी टॉवेल घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि घरी गेले.

त्याच संध्याकाळी तुमची ती चित्रफीत आली, तुमच्या तिकडच्या तळ्यावरची. धाकट्यानं पहिला मासा धरला आहे आणि बाबा त्याला सांगतो आहे की आधी हात पाण्यात बुडव, ओल्या हातानं धर, माशाच्या अंगावरचा चिकटपणा हेच त्याचं कातडं आहे, ते पुसलं तर तो आजारी पडतो. मी ती तीनदा पाहिली. मग फोन चार्जिंगला लावला, देवापाशी दिवा लावला, जेवले. दुसऱ्या दिवशी धुवायचे कपडे काढले, त्यात ते टॉवेल होते, तेही धुतले. तिसऱ्या दिवशी बँकेत गेले. मला वाईट वाटायला हवं होतं, हे समजत होतं. वाईट वाटण्यासाठी आत जे काही हलावं लागतं ते हललं नाही. आजोबा गेल्यापासून हे असंच आहे, तुम्ही काळजी करू नका.

चौथ्या दिवशी मी नागपूरच्या गृहस्थांना फोन करून सांगितलं की पुसायचा हुकूम माझा होता.

"काकू, तुम्हाला माहीत नव्हतं. पण त्यांना माहीत असायला नको? सांगायचं ना."

मी म्हटलं, त्यांनी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. मग ते म्हणाले की ठीक आहे, मुलं तर ठरली आहेत, पण भाऊही राहू देत, तुम्ही म्हणता म्हणून.

हा निरोप घेऊन मी भाऊंच्या घरी गेले. इतक्या वर्षांत त्या घरात पाऊल ठेवल्याचं आठवत नाही. मासळी पोचवायला तेच येत. ते ओसरीवर कोणाचं तरी फाटलेलं जाळं विणत बसले होते. त्यांच्या सुनेनं खुर्ची आणली. ती आधी पुसली, मग दिली.

मी त्यांना सगळं सांगितलं, चित्रफितीचंही. ते विणता विणता ऐकत होते.

"मले ठाऊक होतं, बाई," ते म्हणाले. "तलावात माशाचं बीज सोडतो आमी. कोरड्या हातानं बोटभर पिल्लू धरलं त मरते. लहान पोट्ट्यायले बी ठाऊक आहे."

"मग दुसऱ्यांदा का नाही बोललात? मासे मरत होते तेव्हा?"

"साहेब असते त त्यायले मी चार डाव बोललो असतो. भांडलो असतो. तुमाले एकडाव बोललो." त्यांनी दोऱ्याची गाठ दातानं ओढली. "मालकीन म्हनते पुसा, त पुसाचं. मंग मेले त मेले."

यात राग नव्हता. ते काय सांगताहेत हे मला कळावं इतक्याच बेतानं ते बोलत होते. मीही त्याच बेतानं विचारलं की या रविवारपासून परत याल का, टॉवेल राहणार नाहीत, कसं करायचं ते तुम्हीच सांगा.

त्यांचा खांदा, हातातलं दुसऱ्याचं जाळं, घरात सुनेच्या भांड्यांचा आवाज, हे सगळं माझ्यासमोर होतं. त्यांना ते काम हवं होतं, हे मला दिसत होतं.

"नाही, बाई," ते म्हणाले.

मी "बरं" म्हणाले. सुनेनं चहा आणला, तो प्यायले आणि घरी आले.

आता बोडीवर नागपूरची दोन मुलं असतात. ती हात ओले करून मासा धरतात, ओल्या जाळीतूनच पाहुण्यांना दाखवतात. मासे मरत नाहीत. छत्र्या पुन्हा भरायला लागल्या आहेत. पुढच्या वर्षी गोसीखुर्दला आणखी दोन ठिकाणी असंच सुरू होणार म्हणतात, तंबू आणि बोटींसकट. जे पाण्याकाठी जन्मले त्यांना त्यात काय काम मिळेल, असं मी त्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, स्वयंपाक, सफाई, राखण. त्यांनी मनापासून सांगितलं, आणि ते खरंही असेल.

धंदा चालेल, असं मला वाटतं. हौस असलेली माणसं वाढत आहेत आणि पैसे देऊन शांत बसायला त्यांना जागा हवी आहे. उन्हाळी धानाला बोडीचं पाणी सोडायची वेळ आली की काय होईल, ते बघायचं आहे. करारात मी धान आधी असं लिहून घेतलं आहे. त्या मुलांनी ते वाचलं आहे की नाही, माहीत नाही.

भाऊ पाळीवर येत नाहीत. रस्त्यात भेटले की तुमची विचारपूस करतात. धाकट्यानं मासा धरल्याचं मी त्यांना सांगितलं. कोणता मासा, असं त्यांनी विचारलं. मला त्याचं नाव सांगता आलं नाही.