सरांचा बेल्ट आणि आईची खळ

आमच्या आईने मोकल सरांची तीस वर्षांची मेहनत सोड्यात भिजवली, काळी रंगवून आणली आणि खळ घालून, इस्त्री करून टेबलावर ठेवली. यात तिचा काही दोष नाही. दोष माझा आहे, पण हे मी अजून आईसमोर कबूल केलेलं नाही.

मी अंबरनाथला राहतो, एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो आणि रोज सकाळी कराटे करतो. वय सेहेचाळीस. (पोट वेगळं धरलं तर एकोणपन्नास.) नगरपालिकेच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमचा क्लास भरतो. एरवी आम्ही दहा-बारा मोठी माणसं, आणि रविवारी चाळीसएक पोरं, त्यांच्या आईबापांसकट. मोठ्यांमध्ये माझी खरी दोस्ती दोघांशी. एक लालवानी, उल्हासनगरात त्याचं पडद्याच्या कापडाचं दुकान आहे. दुसरी वंदनाताई, बदलापूरहून येते, एका दवाखान्यात स्टाफ नर्स आहे.

क्लास सुटला की समोरच्या टपरीवर चहा. लोकांना वाटतं, ही कराटेवाली माणसं एकत्र जमली की कोणाचे दात कसे पाडले ते सांगत असतील. आम्ही फक्त गुडघ्यांबद्दल बोलतो.

"वंदनाताई, गुडघ्याला बर्फ लावू की शेक देऊ?"

"आधी दोन वडापाव कमी कर."

"लालवानी, काल घरी प्रॅक्टिस केलीस?"

"दुकानात केली ना! लाथ मारली, एकदम काउंटरच्या वर गेली. कस्टमर बोलला, शेठ, भाव कम मत करो, पण मारू नका!"

अशी आमची युद्धचर्चा. आम्हाला शिकवणारे मोकल सर कधी टपरीवर येत नसत. जांभूळ गावच्या पाणी शुद्धीकरण केंद्रावर नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस, बोलायला मोजका. पंधरा वर्षांत त्यांनी माझी दोनदा स्तुती केली, आणि त्यातली एक चुकून, मागे उभ्या असलेल्या मुलाकडे बघून केली होती.

आता त्या बेल्टबद्दल सांगायला हवं. ब्लॅक बेल्ट नवा असतो तेव्हा काळाकुळकुळीत असतो. वर्षानुवर्षं गाठ मारून, घासून त्याचं वरचं काळं कापड झिजतं आणि आतला पांढरा धागा दिसायला लागतो. म्हणजे ज्याचा बेल्ट जास्त फाटका, तो माणूस मोठा. आणि हा बेल्ट कधी धुवायचा नसतो. धुतला तर त्यातली मेहनत वाहून जाते असं आम्ही मानतो. (वंदनाताई म्हणते, जंतू मात्र राहतात.) सरांचा बेल्ट बराचसा पांढरा झाला होता, दोन्ही टोकांना दशा लोंबत होत्या. माझा स्वतःचा बेल्ट चार वर्षांचा, अजून शाळेच्या बुटासारखा चकचकीत.

एका रविवारी क्लास संपल्यावर सरांनी मला थांबवलं. कमरेचा बेल्ट सोडला आणि माझ्या हातात दिला.

"माझे गुडघे गेले, प्रकाश. क्लास तू घ्यावास असं वाटतंय. हा आठवडाभर घरी ठेव, रोज बघ. जमेल असं वाटलं तर पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर तुझ्या कमरेला बांधतो. नाही वाटलं तर परत दे. राग नाही."

आणि निघून गेले. मी तिथेच उभा. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला भीती वाटली. चाळीस पोरांसमोर उभं राहायचं, तेही सरांच्या जागी? सेहेचाळीसाव्या वर्षी भीती वाटते हे घरी सांगायला आणखी लाज वाटते. म्हणून घरी आल्यावर बेल्ट कपाटात ठेवला आणि आईला तुटकपणे एवढंच म्हणालो, "सरांचा आहे. रविवारी परत द्यायचाय बहुतेक. नीट सांभाळ." या एका वाक्याने माझा घात केला.

आईचं सगळं आयुष्य ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये गेलं. बाबांचा खाकी शर्ट ती असा धुवायची की फॅक्टरीत साहेब कोण आणि बाबा कोण, लोकांना कळायचं नाही. माणसाची पारख ती कॉलरवरून करते. गुरुवारी संध्याकाळी मी कामावरून आलो, कपाट उघडलं, बेल्ट नाही.

"आई, सरांचा बेल्ट कुठाय?"

"तो काय टेबलावर!"

टेबलावर एक काळी कडक घडी होती. उचलली तर सरळ उभी राहिली!

"हा नवीन आहे."

"नवाच दिसतोय ना?" आई खूश झाली. "आधी सोड्यात भिजवला. काय घाण पाणी निघालं म्हणून सांगू! तीन बादल्या!"

(तो सरांचा तीस वर्षांचा घाम होता. आमच्या मोरीतून गेला.)

"मग शेजारच्या कमलला घेऊन उल्हासनगरला गेले. तिथला रंगारी साड्यांना रंग लावून देतो ना, त्याच्याकडे. म्हटलं, पक्का काळा लाव. दशा निघालेल्या, त्या कापून मशीन मारून घेतली. मग घरी आणून खळ घातली."

"अगं पण का?"

"का म्हणजे? तूच म्हणालास ना, परत द्यायचाय म्हणून? दुसऱ्याची वस्तू न धुता परत द्यायची? लोक म्हणतील, याच्या घरात आई आहे की नाही?"

मी म्हणालो, "छान झालाय." बायकोने स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा ग्लास आणून दिला. तिला सगळं कळलं होतं.

शुक्रवारी टपरीवर मी तो बेल्ट बाहेर काढला. लालवानीने चहा खाली ठेवला. वंदनाताईने कपाळाला हात लावला.

"सरांना फोन कर," ती म्हणाली. "सरळ सांग, आईने धुतला. माणूस समजूतदार आहे."

"सांगतो ना. पण आधी काही करता येतंय का बघू."

"काय करणार? पुढची तीस वर्षं थांबणार?"

तेवढ्यात लालवानीचे डोळे चमकले. "अरे प्रकाशभाई, माझं दुकान कुठे आहे? उल्हासनगरला! माझा चाचा जीन्सचं काम करतो. रोज टेम्पो भरून नवीन पँट येतात, जुन्या होऊन जातात. तुझ्या आईने पुराना नया केला, चाचा नया पुराना करेल. टेन्शन काय?"

हा विचार मूर्खपणाचा आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी लगेच हो म्हणालो.

शनिवारी रजा टाकून आम्ही गेलो. वंदनाताईसुद्धा आली, कारण तिच्या मते आम्हा दोघांना एकटं सोडणं धोक्याचं होतं. चाचांच्या कारखान्यात मोठमोठ्या ड्रममध्ये दगडांबरोबर पँटी गरगरत होत्या. बाजूला कामगार कोऱ्या पँटींचे गुडघे पॉलिश पेपरने घासत बसले होते. (इथे गुडघे झिजवायला पाच मिनिटं लागतात. मी उगाच पंधरा वर्षं घालवली.) चाचांनी बेल्ट दोन बोटांत धरून बघितला.

"कितना पुराना चाहिए?"

"तीस साल."

"तीस का नहीं है अपने पास. दो साल है, पाँच साल है, फिर डायरेक्ट फटेला."

"पाँच वाला छे बार करो ना, चाचा!" लालवानी म्हणाला. हिशोबाला तो पक्का.

चाचांनी मान डोलावली आणि विचारलं, "ठीक है. घिसा किधर था?"

"डावीकडे," मी म्हणालो.

"उजवीकडे," वंदनाताई म्हणाली.

"बीच में, गाठीच्या खाली," लालवानी म्हणाला.

आम्ही तिघंही ठाम होतो. पंधरा वर्षं रोज सकाळी मी त्या माणसासमोर वाकलो. वाकल्यावर डोळ्यांसमोर तो बेल्टच असायचा. आणि तो कुठे झिजला होता, हे मला सांगता येत नव्हतं! सरांनी तो घरी देऊन "रोज बघ" सांगितलं होतं, तर मी घाबरून गुरुवारपर्यंत कपाट उघडलंच नव्हतं. ड्रमच्या त्या धडधडाटात मला फार वाईट वाटलं. तिथून परत फिरायला हवं होतं. पण चाचांनी तोवर फर्मान काढलं, "इनको पहना दो, फिर घिसेंगे."

मग मी हात वर करून उभा, कमरेला बेल्ट, आणि एक कामगार माझ्या पोटाशी बसून पॉलिश पेपरने खसाखसा घासतोय. मला गुदगुल्या फार होतात. मी हसत होतो, चाचा ओरडत होते, "हिलना मत!" आणि आजूबाजूच्या कामगारांनी आपापलं काम थांबवलं होतं. मग दगडांचा ड्रम, मग पुन्हा पोट, मग पुन्हा ड्रम. तीन तास लागले. बाहेर पडलेला बेल्ट इतका जीर्ण दिसत होता की लालवानीने नकळत त्याला नमस्कार केला. फक्त त्याला फुलांचा घमघमाट येत होता, कारण चाचांच्या माणसाने सवयीने शेवटी सुगंधी पाणी मारलं होतं! मग संध्याकाळपर्यंत मी आणि लालवानीने तो आळीपाळीने बांधून हवेत ठोसे मारले. वंदनाताई म्हणाली, "सरांचा घाम वेगळा होता," आणि घरी गेली.

रविवारी हॉल गच्च भरला. आईसुद्धा आली, इरकल नेसून. मुलाचं कौतुक होणार आहे असं तिला बायकोने सांगितलं होतं. सर समोर उभे राहिले. मी वाकून दोन्ही हातांनी बेल्ट पुढे केला. त्यांनी घेतला. अंगठा फिरवला, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत. सांगायचं असेल तर आत्ताच, हे मला कळत होतं. मी तोंड उघडलं.

"सर, मला—"

"अगं बाई!" मागून आईचा आवाज आला. "हा पुन्हा फाटला कसा?"

चाळीस पोरं, त्यांचे आईबाप, सगळे वळले. आई तरातरा पुढे आली. चपला बाहेर काढायचं तेवढं भान तिला होतं.

"प्रकाश! तीन दिवसांपूर्वी मी स्वतः धुऊन, रंगवून, खळ घालून ठेवला होता! एक वस्तू सांभाळता येत नाही तुला? सर, माफ करा हो. लहानपणापासून असाच आहे. शाळेचा शर्ट महिनाभर टिकायचा नाही!"

मग कोणीतरी खुदकन हसलं आणि सगळा हॉल फुटला. सर हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "खरं काय?"

मी सगळं सांगितलं. सोडा, तीन बादल्या, चाचा, ड्रम, पोट. लालवानी मध्येच म्हणाला, "सर, आयडिया मेरा था." सांगता सांगता माझे डोळे भरून आले, आणि शेवटी मी म्हणालो, "मी घाबरलो होतो, सर. मला हे जमणार नाही."

"जुना करायला किती वेळ लागला?"

"तीन तास."

"हं." सरांनी बेल्टची घडी घातली. मग आईकडे वळून म्हणाले, "आई, तुम्ही बरोबर केलंत. दुसऱ्याची वस्तू धुऊनच द्यायची असते." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आता यात माझं काही राहिलं नाही. हो की नाही विचारणार होतो, ते विचारत नाही. शिक्षा म्हणून घे. उद्यापासून क्लास तू घ्यायचा, हाच बांधून. आणि कोणी विचारलं की किती वर्षांचा, तर खरं सांगायचं."

त्यांनी खाली वाकून, दुखऱ्या गुडघ्यांनी, तो माझ्या कमरेला बांधला. गाठ फार घट्ट मारली. मला रडू आवरलं नाही. आई शेजारच्या बाईला सांगत होती, "आता घरी गेल्यावर पुन्हा रंगवून आणते." बायकोने तिचा हात धरून ठेवला.

तेव्हापासून क्लास मी घेतो. शिक्षाही इमानदारीने भोगतो. मागच्याच महिन्यात बदलापूरहून एक गृहस्थ मुलाचं नाव घालायला आले. माझ्या कमरेकडे बघून त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"सर, किती वर्षांची तपश्चर्या म्हणायची ही?"

"तीन तासांची," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि मुलाच्या पाठीवर थाप मारली. "बघितलंस? खरी मोठी माणसं अशी असतात. पाया पड!"

मुलगा पाया पडला. मी प्रत्येकाला असंच एकदा खरं सांगतो. दुसऱ्यांदा मात्र कधीच सांगत नाही.