भाजल्याच्या वणावरची जखम

“पाठीवरचं काही नाही, ताई. साधं आहे ते,” डॉक्टर म्हणाले. माझे यजमान खुर्चीतून उठायलाच लागले होते. डॉक्टरांनी दुसरा कागद पुढे ओढला आणि त्यांना हातानेच बसा म्हणून खूण केली. “पायावरचा मात्र कॅन्सर आहे.”

जळगावच्या त्या दवाखान्यात आम्ही गेलो होतो ते पाठीसाठी. माझ्या पाठीवर एक काळा, खरखरीत डाग वर्षभर वाढत होता. सुनेने तो पाहिला आणि ती घाबरली. पायाचं कोणाच्या मनातही नव्हतं. माझ्याही नाही.

मी जळगावजवळच्या असोद्याची. घरी केळीची शेती, आणि मी ब्लाउज शिवते. लहानपणी चुलीवरचं उकळतं पाणी डाव्या नडगीवर सांडलं होतं. तिथली कातडी तेव्हापासून चकचकीत आणि ताणलेली. उन्हाळ्यात तिला भेगा पडायच्या, पुन्हा भरायच्या. गेल्या उन्हाळ्यातली भेग भरलीच नाही. हळद लावली, मेडिकलमधून ट्यूब आणली. खपली धरायची, निघायची. दुखत नव्हती, म्हणून मी शिलाई मशीन चालवत राहिले. पुढे तिला वास येऊ लागला, तेव्हा मी रोज फडकं बदलू लागले. एवढंच.

पहिल्या भेटीत पाठ तपासून झाल्यावर डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, “अजून कुठे काही?” मी साडी जरा वर घेतली. त्यांनी दिवा पायाकडे वळवला आणि खुर्ची जवळ ओढली. जखमेच्या कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या उचललेल्या होत्या. मग त्यांनी जांघेत बोटं फिरवली. एका ठिकाणी बोटं थांबली. तिथे गाठ होती.

पाठ आणि पाय, दोन्ही ठिकाणची बायोप्सी केली. बायोप्सी म्हणजे कातडीचा छोटा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. पाठीवरचं निघालं सेबोऱ्हिक केराटोसिस, म्हणजे वयाबरोबर येणारी निरुपद्रवी वाढ. पायावरचं स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर. जुन्या भाजल्याच्या वणावर तो कित्येक वर्षांनीही उगवू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी पेनाने एक रेघ ओढून दाखवली. “दोन्ही वाढी एकाच थरातून आलेल्या आहेत. पाठीवरची वरच्या वर पसरली, तिने ही रेघ ओलांडली नाही. पायावरची रेघ फोडून खाली गेलीय.”

“किती खाली?” यजमानांनी विचारलं.

“ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही.”

 घरी आल्यावर मी शिलाई मशीन कापडाने झाकून ठेवलं.

ऑपरेशन धुळ्याला करायचं ठरलं, कारण माझी मोठी बहीण, अक्का, तिथे दिलेली. एमआरआयमध्ये पायावरची वाढ हाडाला चिकटली आहे की नाही, ते नीट कळत नव्हतं. सर्जन सरळ बोलणारे होते. “हाडात शिरली असेल तर पाय ठेवता येणार नाही. सही करायच्या आधी हे ऐकून घ्या.” यजमानांनी पेन खाली ठेवलं. सही मीच आधी केली.

आत नेताना अक्का स्ट्रेचरला धरून चालत होती. “तू भिऊ नको बहीन, बठ्ठं बरं व्हई जाई. मी आठेच शे,” म्हणाली. सगळं बरं होईल, ती इथेच आहे, असं सांगताना तिचेच ओठ सुकले होते.

मला पाठीत इंजेक्शन दिलं, कमरेखालचं बधिर करण्यासाठी. मी जागी होते. छातीपुढे हिरवा पडदा. पाय आहे की नाही, हेच मला कळेना. कोणीतरी तो उचलला असेल, हलवला असेल, पण मला फक्त पडदा हलताना दिसायचा. भांड्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मी डोळे मिटले.

“हाडावरचं आवरण बघा,” सर्जन म्हणाले.

 मशीनची टिकटिक चालू. मी ती मोजत राहिले.

“निघतंय. खाली हाड स्वच्छ आहे.”

मी रडले तेव्हा भूल देणाऱ्या बाईंनी माझं कपाळ पुसलं. त्यांचं तोंड मास्कमध्ये होतं. आज समोर आल्या तरी ओळखणार नाही, पण तो हात विसरणार नाही.

मांडीची कातडी काढून नडगीवर लावली. कॅन्सरच्या वाढीभोवती चांगल्या कातडीची कडही काढतात, तिला मार्जिन म्हणतात. आम्ही शिवणीबाहेर जादा कापड, म्हणजे माया, सोडतो तशी. बाजूंच्या मार्जिनमध्ये कॅन्सर नव्हता. तळाशीही नव्हता, पण अंतर फार थोडं होतं. जांघेतल्या गाठीत सुई घालून तपासलं, ती जखमेच्या संसर्गाने सुजलेली निघाली, तिच्यात कॅन्सर नव्हता. “आज तरी,” सर्जन म्हणाले. ते दोन शब्द मी घरी घेऊन आले. अजूनही आंघोळ करताना बोटं आधी जांघेत जातात. तपासणीला धुळ्याला जायचं असलं की आदल्या दिवशी जेवण उतरत नाही.

ज्यांच्या अंगावर जुना भाजल्याचा वण आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं: तिथली जखम भरत नसेल तर ती दुखण्याची वाट पाहू नका. माझी कधीच दुखली नाही. त्या जळगावच्या डॉक्टरांनी “अजून कुठे काही?” असं विचारलं नसतं, तर मी पाठीचं मलम घेऊन घरी आले असते.

गेल्या महिन्यात माझी जाऊ आमच्या ओट्यावर वाल निवडायला बसली होती. उजवा हात ती पदराखालून काढेना. मी पदर बाजूला केला. मनगटावर जुना भाजल्याचा वण, आणि त्यावर ओली खपली.

“कधीपासून आहे हे?”

“दुखत त नाही व माय,” ती म्हणाली, “म्हनून तुले सांगलं नाही.”

मी वालाचं सूप तिच्या मांडीवरून उचललं आणि तिला चप्पल घालायला लावली. बसमध्ये ती खिडकीतून केळीची शेतं बघत होती. मी तिचा हात माझ्या हातात धरला होता, आणि जळगाव येईपर्यंत त्या खपलीवरून माझी नजर हटली नाही.