विल्फचा बाक

माझे सासरे विल्फ मेटकाफ यांनी आयुष्यभर यॉर्कशरच्या डोंगरात दगडी कुंपणं रचली. गुडघे गेले तेव्हा त्यांनी फाटकाबाहेर एक बाक टाकला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोट दाखवायचं काम पत्करलं. आमच्याकडे समोरून ओळखीचा माणूस आला की नमस्कार म्हणून स्टिअरिंगवरची तर्जनी वर करतात. बिनओळखीचा आला तरी करतात. विल्फ आपली तर्जनी वर करायचे, आणि त्यांचा दिवस मजेत जायचा.

मी पोलीस ड्रायव्हरांना भरधाव गाडी चालवायला शिकवतो. चालवताना दिसेल ते मोठ्यानं बोलायचं, ही आमची रीत. ती माझ्या अंगात इतकी मुरली आहे की दुकानातही ढकलगाडी घेऊन ‘पुढे म्हातारी, बिस्किटांपाशी थांबण्याची शक्यता’ असं पुटपुटत जातो. बायको चार पावलं मागे राहते.

आमचा सरावाचा रस्ता नेमका सासऱ्यांच्या दारावरून जायचा. गावानं तक्रार केली, सभा ठरली, आणि तक्रार करणाऱ्यांत पहिलं नाव माझ्या सासूबाईंचं, एनिडचं. मी म्हटलं, एकदा गाडीत बसा, मग बोला. साहेबांची परवानगी काढली, बूट चकचकीत केले. सासूवर छाप पाडायची संधी लग्नानंतर पहिल्यांदाच आली होती.

त्या मागच्या सीटवर मांडीवर पर्स धरून बसल्या. मी सुटलो आणि तोंडही सुटलं. रस्त्यावर ओलं शेण, म्हणजे गाई आत्ताच ओलांडल्यात. कचऱ्याचे डबे बाहेर, म्हणजे वळणामागे कचरागाडी असणार. होतीच. मी आरशातून सासूबाईंकडे पाहिलं. शाबासकी काही दिसली नाही.

मग त्यांचंच घर आलं. ‘डावीकडे घर, फाटक बंद, बाक रिकामा, रस्ता मोकळा,’ असं म्हणत मी वेग वाढवला.

‘थांबव गाडी,’ सासूबाई म्हणाल्या.

मी थांबवली.

‘बाक रिकामा आहे हे बरोबर बघितलंस. का रिकामा आहे ते बोल की.’

मी काच खाली करून पुन्हा बाकाकडे पाहिलं.

‘तुमच्या गाड्या सुरू झाल्यापासून विल्फ मागच्या परसात बसतो. भुर्रकन जाणाऱ्याला बोट दाखवून काय उपयोग? तिथं त्याला बोट कोण दाखवणार, कोबी?’

गेल्या दोन उन्हाळ्यांत दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जात होतो. ते परसात बसलेले पाहून मला वाटायचं, म्हाताऱ्याला बागकामाचा नाद लागला. मला फार लाज वाटली.

सभेत मी उभा राहिलो. मोकळ्या मैदानावर गाई आडव्या येत नाहीत, तेव्हा शिकणाऱ्यांना खरा रस्ता हवाच, हे सांगितलं, आणि ते मला आजही पटतं. पण घरांपासून लांबचा रस्ता घ्या, आमचा मोकळा दिसतो कारण माणसं आत गेलीत, हेही सांगितलं. गावाला पहिलं आवडलं नाही, साहेबांना दुसरं. तरी रस्ता बदलला.

पुढच्या रविवारी बायको आधीच माहेरी गेली होती. मी एकटा, आमच्या खटारा गाडीतून, अगदी सावकाश निघालो. फाटक उघडं होतं. बाकावर विल्फ होते. त्यांनी तर्जनी वर केली.

माझे दोन्ही हात स्टिअरिंगवरच चिकटून राहिले. एक बोटही सुटू द्यायचं नाही, हे मीच वर्षानुवर्षं पोरांच्या डोक्यात घालत आलो होतो. मी सरळ पुढे निघून गेलो. आरशात त्यांचं बोट खाली जाताना दिसलं.

पुढच्या गोठ्यापाशी गाडी वळवली. परत आलो, लांबूनच तर्जनी वर केली आणि ती तशीच ठेवून फाटकापाशी थांबलो.

‘पहिल्या खेपेला दिसलो नव्हतो काय रे?’ विल्फनी विचारलं.

‘दिसला होतात. हात सुटेना.’

त्यांनी बाकावर थोडं सरकून माझ्यासाठी जागा केली.