हटोमामांचा अहवाल

हटोमामा कुणालाही नमस्कार करण्याआधी दंडाला धरून बाजूला करत. रायपुरात आम्ही जमिनीखालच्या पाण्याच्या पाइपांची चाचणी घेत असू. पाइपात पाणी भरायचं, पंपाने दाब वाढवायचा आणि सांधे गळतात का ते पाहायचं. पाइपाच्या टोपण लावलेल्या तोंडासमोर कुणी दिसलं की आमचे हे फोरमन "हटो, हटो" करत धावत. मूळचे भंडाऱ्याचे. खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

"हवा आत राहिली का पाइप बंदूक होते, साहेब," असं ते सगळ्यांना सांगत. त्यांच्यामुळे काम रेंगाळतं, अशी मोठ्या साहेबांची तक्रार होती. सुरक्षा सप्ताहात फोटोसाठी मात्र ते मामांनाच पुढे उभं करत.

शहरातल्या तेलीबांधा भागातल्या कामावर साहेबांना घाई होती. हवा पुरती निघाली नाही, असं मामा सांगत असतानाच साहेबांनी पंप सुरू करायला लावला. मी तेव्हा नवा ज्युनिअर इंजिनिअर. टोपणापाशी पाणी झिरपताना दिसलं म्हणून मी वाकलो. मामांनी मागून कॉलर धरून मला मातीत फेकलं. तेवढ्यात टोपण उडालं आणि त्याला लावलेला लाकडी टेकू मामांच्या गुडघ्यावर आदळला.

अहवाल साहेबांनी सांगितला, मी इंग्रजीत लिहिला: मनाई असलेल्या जागेत गेल्यामुळे कामगार जखमी. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

दवाखान्यात मामांनी तो मराठीत सांगायला लावला. मी ओळींवरून बोट फिरवत सांगत गेलो आणि ते वाक्य गाळलं.

"एक ओळ सुटली," मामा म्हणाले.

मग तीही सांगितली.

"बराबर हाय. मी गेलतोच तिथं. पण तुमी कुठी होते, ते नाही लिहिलं काय?"

दुसऱ्या दिवशी मी नवा जबाब दिला. प्रकरण बंद झालं आहे, असं उत्तर आलं. सोबत मला समज देणारं पत्र. मामा काठी टेकत लेकीकडे गोंदियाला गेले. मागच्या वर्षी वारले.

तो अहवाल आता प्रशिक्षणात निष्काळजीपणाचा नमुना म्हणून वाचून दाखवतात. परवा एका नव्या इंजिनिअर मुलीने मला विचारलं, इतका जुना माणूस तिथे गेलाच कशाला?

"मला ओढायला," मी म्हणालो.