त्याचा पॅच

आमच्या कॉलेजच्या बँडमधला सीनियर गिटारवाला स्वतःला आवाजाचा मोठा जाणकार समजायचा. त्याचा राग करावा की कीव, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चंडीगढजवळच्या चंडीमंदिर लष्करी छावणीतल्या बंगल्यातून तो इफेक्ट्सचं महागडं पेडल घेऊन यायचा. माझ्या बेस गिटारसाठी त्याने त्यात एक पॅच, म्हणजे इफेक्ट्सची तयार जुळणी, बनवून ठेवला होता. डिस्टॉर्शन, कोरस, रिव्हर्ब, सगळं एकावर एक रचलेलं. हेडफोनवर ते भारी वाटायचं, पण ड्रम सुरू झाले की बेस गायब.

"उँगलियों में दम नहीं है, यार," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "शुक्रवार तक नहीं हुआ तो दूसरा ढूँढ लेंगे."

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे समोरच्याला जास्त कळत असेल, असंच मला आधी वाटतं. दोन दिवस सराव करून मी बोटं सोलून घेतली. मग तो चहाला गेला असताना त्या पॅचमधले इफेक्ट्स एकेक करून बंद केले आणि इक्वलायझरवर त्याने पार खाली ओढलेला मिड, म्हणजे आवाजाचा मधला पट्टा, वर आणला. स्क्रीनवर पॅचचं नाव तेच राहिलं.

शुक्रवारी बेस छातीत जाणवत होता.

"देखा? मेरा पैच है," तो ड्रमवाल्याला म्हणाला.

म्हणजे त्याला फरक कळलाच नव्हता! असल्या कानांच्या भरवशावर हा माणूस मला तुच्छ लेखत होता.

मी फक्त "जी" म्हणालो. बँडमधली जागा टिकली. पण त्या "जी"ची मला त्याच्या कानांपेक्षाही जास्त किळस येते.