आरे मोजता आले पाहिजेत

पाणीपुरवठ्याच्या पंपांवर अख्खी नोकरी केलेल्या त्या फिटरला सगळे कोरडेबुवा म्हणत. त्यांच्या देखरेखीखालच्या पंपातून थेंब गळाला, असं कधी घडलंच नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत वाफेचं इंजिन बनवलं. बुटाच्या खोक्यात मावेल एवढं, पण थोरल्या भावाने कापडगिरणीत आयुष्यभर सांभाळलेल्या इंजिनासारखं हुबेहूब. गिरणी कधीच पाडली गेली होती. दादांना त्यांचं इंजिन पुन्हा चालताना दाखवायचं, एवढी एकच हौस उरली होती.

दादा आले. वाफ सोडताच चाक भिर्रकन फिरू लागलं.

"हे काय, शिवणयंत्र?" दादा म्हणाले. "आमचं इंजिन कसं डुलत चालायचं. चाकाचे आरे मोजून घ्यावेत! हे बघून माझंच डोकं गरगरलं." आणि चहा न घेताच उठले.

बुवांच्या ते जिव्हारी लागलं. त्यांनी वाफ कमी केली, तर इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. जड चाक बसवून पाहिलं, ते तर जागचं हलेना.

"रुसलंय ते," बायको दारातून म्हणाली. "जरा गोडीगुलाबीनं घ्या."

"तुझ्या माहेरचं आहे का, रुसायला?"

जुनं चाक परत बसवून, वाफ न सोडता, त्यांनी ते एका बोटानं फिरवलं. जड जात होतं. वाफेच्या नळकांड्यातला दांडा जिथून बाहेर येतो, तिथे वाफ निसटू नये म्हणून त्यांनी दोऱ्याचं पॅकिंग ठासलं होतं आणि मोठ्या पंपावर आवळावा तसा नट करकचून आवळला होता. हाताची सवय, दुसरं काय! इंजिन वेगात असताना त्या पकडीला जुमानत नव्हतं. वेग कमी झाला की तीच पकड त्याचा गळा घोटत होती.

नट सैल करायचा, म्हणजे थेंब गळणार. बुवा पाना हातात धरून बसून राहिले.

"गळू देणार? तुम्ही?" बायकोने डोळे मोठे केले.

"बाहेर कुठे बोलू नकोस," म्हणत त्यांनी नट सैल केला.

दुसऱ्या दिवशी दादा कुरकुरतच आले. बुवांनी वाफेचा नळ जेमतेम उघडला. दांड्यापाशी एक थेंब जमला आणि टपकन पडला. चाक हललं, आता थांबतंय की काय असं वाटलं, आणि डौलात पुढे वळलं. मग पुन्हा. आणि पुन्हा.

दादांचं बोट हवेत हलू लागलं. "चार... पाच... सहा! अरे, सहाच होते!" खुर्ची ओढत ते टेबलाला भिडले. "गळतंय बरं का तुझं."

"गळू दे!" कोरडेबुवा जवळजवळ ओरडलेच.

"आमचंही गळायचं. फडकं घेऊन उभा असायचो मी."

इंजिनाखालचा स्पिरिटचा दिवा मंदावला, तरी दादा उठेनात. दिवा बघायला मधे आलेल्या बुवांची छाती अशी फुगली होती की दादांना पलीकडचं इंजिन दिसेना.

"बाजूला हो रे! आणि दिवा विझला की भर, पुन्हा लाव. मी काही आज घरी जात नाही."