नवव्या प्रकरणात नसलेला भाऊ

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. ती ज्यांच्याबद्दल आहे ते दादा आता नाहीत, आणि ज्यांच्यासमोर घडली त्यातलेही फार थोडे उरले आहेत.

दादा माझे सख्खे भाऊ नव्हेत, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे सहकारी. नव्वदच्या दशकात आम्ही ओझरला एकाच कारखान्यात होतो. नाशिकहून निघणाऱ्या बसमध्ये ते रुमाल टाकून माझी जागा धरत. मी चाळिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप, तरी म्हणायचे, "लेका, मफलर कुठाय? परवा शिंकत होतास."

बसमध्ये आम्ही एक जुनी कादंबरी वाचली. विहिरी खणणारे दोन मित्र. सुरुंग उडाला की आधी थोरला खाली उतरतो, दगड सैल नाहीत ना बघतो, मगच धाकट्याला उतरू देतो. "हा मित्र नाही, बाप आहे," मी म्हणालो. दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझा धाकटा भाऊ मनमाडला रुळावर गाडीखाली गेला. मीच त्याला एकट्याला पाठवलं होतं. तू अगदी त्याच्यासारखा शिंकतोस. कुणाला बोलू नको."

वर्षभरानं आमच्या वाचक मंडळात मी त्या कादंबरीवर निबंध वाचला. काहीतरी वेगळं सांगायची हौस होती. म्हणालो, थोरल्याचं धाकट्यावर प्रेम नाहीच. त्याच्यामुळे त्याचा सख्खा भाऊ मेलेला आहे, आणि तो धाकट्याला वाचवत नसून स्वतःचा अपराध धूत बसला आहे. मध्येच टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, "वा! हे आमच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं."

येणार कसं? कादंबरीत थोरल्याला भाऊच नाही.

मागून एक शिक्षक उठले. "भावाचा उल्लेख कुठे आहे हो? मला आठवत नाही."

मी हातातले कागद चाळू लागलो. दुसऱ्या रांगेतून दादा उभे राहिले. "आहे, गुरुजी. नवव्या प्रकरणात. एकच ओळ आहे, नजरेतून सुटते." ती कादंबरी त्यांना जवळजवळ पाठ होती. शिक्षक मान डोलावून खाली बसले, आणि मी कागद पुढे वाचू लागलो.

चहाच्या वेळी दादा जवळ आले. "छान बोललात तुम्ही."

तुम्ही! मला वाटलं, थट्टा करताहेत. दुसऱ्या दिवशी बसमध्ये जागा धरलेली होतीच. "बसा," ते म्हणाले. ते निवृत्त होईपर्यंत माझी जागा एकदाही चुकली नाही आणि 'तू' एकदाही परत आलं नाही. आजही घरात कुणी पाहुण्याला "बसा" म्हणालं, की मी मान वळवून बघतो.

दोन हजार चारच्या सुमारास त्यांना अर्धांगवायू झाल्याचं कळलं. मी गेलो. वहिनींनी खुर्ची त्यांच्या खाटेजवळ सरकवली. दादांना बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. मी पाऊण तास बोललो. नवा उड्डाणपूल, द्राक्षांचे भाव, धाकटीचं लग्न. ते माझ्याकडे एकटक बघत होते. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी खुर्ची आणखी पुढे ओढली आणि म्हणालो, "थंडी फार पडलीय यंदा."

म्हणायचं होतं ते हे: दादा, चुकलो. तुम्ही विश्वासानं सांगितलेलं दुःख मी टाळ्यांसाठी वाचून दाखवलं. आणि तुमचं माझ्यावर प्रेम होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.